खिशातली कवळी

रात्रपाळी आणि वर बदलीची सकाळपाळीही करून दुपारी दोनला घरी येते. एप्रन काढायचंही त्राण नाही, तशीच चटईवर आडवी होते. शेजारच्या टीव्हीचा आवाज विरत जातो आणि त्याच्या जागी दुसराच येतो. "मावशी, पाणी!" "मावशी, बेडपॅन!" डोळे मिटले तरी वॉर्ड सुटत नाही. वैताग नुसता.

मी ट्रॉली ढकलतेय. एक चाक नेहमीसारखं अडतंय. ट्रॉलीवर सतरा नंबरचे खरमाटे आजोबा उठून बसलेत. आज सकाळी साडेसहाला गेले ते. तेव्हा त्यांची कवळी माझ्या खिशात होती. धुवायला नेली आणि तेवढ्यात सिस्टरनं दुसरा पेशंट एक्स-रेला न्यायला पिटाळलं.

"गिरिजा," आजोबा म्हणतात. अख्ख्या वॉर्डात मला नावानं हाक मारणारे तेवढेच. "दात आणलेस?"

वळणावर व्हरांडा संपतो आणि माझं स्वयंपाकघर लागतं. आजोबा ओट्याशी बसून बशीतला चहा फुंकतायत. मी कवळी बसवायला जाते, पण तोंड उघडत नाही. माणूस गेल्या गेल्या कवळी बसवायची, हनुवटीखालून पट्टी बांधायची, हे आमच्यातली कालची बाईसुद्धा जाणते. नंतर जबडा धरतो.

"उशीर झाला गं."

"मग मी काय करू?" मी खेकसते. "चाळीस खाटा आणि मी एकटी! चार हात आहेत का मला?"

"मी कुठं ओरडतोय?"

"सुलभाताई ओरडल्या ना! बाबांचं तोंड असं का दिसतंय म्हणून."

"मग काय म्हणालीस माझ्या लेकीला?"

मी ओट्यावरचं पातेलं घासायला घेते. ते पातेलं नाही, वॉर्डातलं भांडं आहे. नळ वाहतोय.

"म्हटलं, तुम्हीच घरी नेली असेल, ताई." मला लाज वाटते आणि रागही येतो. ठेकेदाराची नोकरी. एक तक्रार झाली की उद्यापासून येऊ नकोस.

"घरातले डबे उपसतीय ती," आजोबा म्हणतात. "आपल्याच हातनं हरवली म्हणून रडतीय. पाचला मुलगा आला की मला नेतील. माझं ऱ्हाऊ दे. तिला शोधायला लावू नकोस."

ते माझी मूठ आपल्या दोन्ही हातांत धरतात. घट्ट. दुखतं.

"सोडा आजोबा!"

टीव्ही चालूच आहे. भिंतीवर सव्वाचार. माझा उजवा हात एप्रनच्या खिशात, मूठ आवळलेली. बाहेर काढून उघडते. गुंडाळलेला गॉज सुटलाय, कवळी उघडी पडलीय. आणि तळहातावर ओळीनं सहा दात उमटलेत, लालभडक. अंगठ्यानं चोळते, जात नाहीत.

तशीच चप्पल पायात सरकवते. हॉस्पिटल रिक्षानं वीस मिनिटं.