दिवाळीनंतर जा

चंद्रपूरच्या एका दवाखान्यात पेशंटला त्याचा आजार समजावून सांगायची नोकरी मी अकरा वर्षं केली. पण आमच्याकडे आजार सोडून बाकी सगळं पेशंटला सांगतात. वांगं खाऊ नका, थंड पाणी पिऊ नका, टेन्शन घेऊ नका. रिपोर्ट आला की घरचे फाइल घेऊन व्हरांड्यात येतात आणि पेशंट आत चहा पीत बसतो. मीही त्यातलीच.

बल्लारपूरचे एक निवृत्त कामगार होते. पोटातला कॅन्सर पसरला होता, डॉक्टरांच्या अंदाजानं हातात दोन-तीन महिने. व्हरांड्यात त्यांच्या मुलानं हात जोडले. "मॅडम, बाबाले काही सांगू नका. खचून जातीन ते." मुलगा वाईट नव्हता. रडून त्याचे डोळे सुजले होते. मी मान हलवली.

आत गेले तर ते माझीच वाट पाहत होते. त्यांनी आजाराचं विचारलंच नाही, बहिणीचं काढलं. ती भामरागडला शिक्षिका होती, निवृत्तीनंतर तिकडेच राहिली. यांच्या बायकोच्या मयताला आली नाही म्हणून यांनी सहा वर्षं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. तेव्हा पुरानं रस्ता बंद होता, हे माहीत असूनही.

"चूक माहीच होती, बाई. तिच्या दारात जाऊन सांगतो, फोनवर नाई होत ते. पण जून लागला. पर्लकोटा नदीले पूर आला का रस्ता बंद. आत्ताच जाऊन येऊ का दिवाळीनंतर? माह्या तब्येतीचं तुमाले मालूम हाय."

मला मालूम होतं. "आधी ताकद येऊ द्या, भाऊ. दिवाळीनंतर जा. घाई काय आहे?"

"मंग तसंच करतो," म्हणून ते निवांत आडवे झाले. त्यांनी माझ्यावर किती सहज विश्वास ठेवला, ते आजही आठवतं. पोळ्याच्या आधीच ते गेले.

पूर ओसरल्यावर बहीण थेट दवाखान्यात आली. जयभीम करून समोर बसली. ही आता मला झाडणार, असं वाटलं. झाडायलाच हवं होतं.

"बाई, आपण जगत नाई, हे दादाले मालूम होतं का?"

"नाही. आम्ही सांगितलं नव्हतं."

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मंग तो रागात नाई गेला. मले वाटे, मालूम असूनही तो आला नाई." तिनं माझे हात धरले, आभार मानले.

"चूक माहीच होती," हा त्यांचा निरोप माझ्यापाशी होता. पण तो दिला असता तर ते का आले नाहीत, हेही सांगावं लागलं असतं. मी तिच्यासाठी चहा मागवला. गेल्या वर्षी तीही गेली, आणि तोवर मी तिला एकदाही फोन केला नव्हता.