बहिरूच्या ताटातला घास

घाटघरच्या द्रौपदाबाईला सुईची भारी हौस. नुसत्या गोळ्या देणारा डॉक्टर तिच्या हिशेबी डॉक्टरच नव्हे. पूर्वी भाताची आवणी तोंडावर आली की गावात मोटारसायकलवरून एक सुईवाला यायचा आणि देवळापुढच्या पारावर बसायचा. चिखलात वाकून कंबर धरू नये म्हणून बायका त्याच्याकडून ताकदीची सुई घ्यायच्या. सुई एकच. एकीच्या दंडातून काढायची, कोमट पाण्याच्या वाटीत बुचकळायची, की दुसरीच्या दंडात. द्रौपदा सगळ्यांना पुढे घालायची आणि आपण शेवटी उभी राहायची, म्हणजे बाटलीतलं उरलंसुरलं जास्तीचं औषध आपल्याला मिळेल.

वर नवऱ्याला चिडवायची, "येवढी मोठी गाडी हाकता आन सुईला भिता व्हय?"

बहिरू खरंच भ्यायचा. नारायणगावचा टोमॅटो तो ट्रकने पार मद्रासला पोचवायचा. एकदा तिकडेच गाडी उलटली. मांडी फाटून सगळं रक्त गेलं; तिकडच्या दवाखान्यात रक्ताच्या बाटल्या चढवल्या तेव्हा कुठे वाचला. घरी आला तेव्हा द्रौपदाने त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला होता.

पुढे कित्येक वर्षांनी त्याचे डोळे पिवळे झाले, पोटात पाणी धरलं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, काविळीचा सी विषाणू आहे, यकृत पार खराब झालंय, घरच्यांचंही रक्त तपासा. मुलगा नवनाथ सुटला. द्रौपदाच्या रक्तात मात्र तो विषाणू निघाला.

मग काय, गावाने एका दुपारी निकाल लावून टाकला. ट्रकवाला माणूस, परमुलूख, वाटेतले मुक्काम. आणखी काय पाहिजे? गावाचं एक सोडा, त्याला चघळायला काहीतरी लागतंच. पण द्रौपदानेही तेच मनाशी धरलं.

बहिरू काकुळतीला आला. "आगं, मला तिकडं रगात चढवलं व्हतं. त्यातनंच आलं आसंल. आईच्यान, दुसरं काय नाय."

"तुमाला रगतातनं आलं," ती म्हणाली, "मंग मला कशातनं आलं?"



लग्न झाल्यापासून द्रौपदा नवऱ्याच्याच ताटात जेवायची. तो उठताना कालवणात भिजवलेला भाकरीचा एक घास तिच्यासाठी ताटाच्या कडेला ठेवायचा. त्या दिवसापासून तिने आपलं ताट वेगळं केलं आणि त्याचं अंथरूण ओसरीवर टाकलं. बहिरू तरी घास ठेवत राहिला. ती त्याच्यादेखत तो कुत्र्याला टाकायची. शेवटी शेवटी त्याला दोन घाससुद्धा जाईनात, त्यातलाही एक तो कडेला ठेवायचा. तो गेला तेव्हा आळीतल्या बाया रडल्या. द्रौपदा रडली नाही.

स्वतःच्या औषधाला ती कधी गेलीच नाही. नवनाथ मागे लागला तर म्हणायची, "त्यांनी शेण खाल्लं, आन गोळ्या मी खाऊ?"

यंदा तिचे पाय सुजले, तेव्हा मात्र नवनाथने तिला गाडीत घालून पुण्याला नेलं. बरोबर बापाचेही जुने कागद घेतले. डॉक्टर प्रतिभाताईंनी तिच्या विषाणूचा प्रकारही तपासून घेतला. ते जुने कागद पाहून त्या म्हणाल्या, "आजी, तुमचा विषाणू तीन नंबरच्या प्रकारचा आहे. तुमच्या यजमानांचा एक नंबरचा होता."

"म्हंजी वो?"

"हा सगळीकडे एकसारखा नसतो. आपल्याकडे आणि वर उत्तरेत जास्त करून तीन नंबर सापडतो. खाली दक्षिणेत एक नंबर पुष्कळ. त्यांना तिकडे कधी रक्त चढवलं होतं का?"

नवनाथने मान हलवली.

द्रौपदाने पदर घट्ट धरला. "बाई, मंग माजा ह्यांच्याकडनं न्हाई आला?"

"नाही. एका प्रकाराचा दुसरा होत नाही. तुमचा दुसरीकडूनच आलाय. पूर्वी कधी एकाच सुईने बऱ्याच जणींना इंजेक्शनं दिलेली आठवतात का?"

द्रौपदाला देवळापुढचा तो पार आठवला. कोमट पाण्याची वाटी आठवली. रांगेतल्या बायकांची नावं ती सांगू लागली, डॉक्टरीणबाई म्हणाल्या त्या सगळ्यांचं रक्त तपासायला हवं. मग तिला गोळ्या लिहून दिल्या. जन्मात पहिल्यांदा द्रौपदाने सुई मागितली नाही.

घरी आल्यावर तिने फळीवरचं बहिरूचं ताट काढलं. त्यात वाढून घेतलं, तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. किती मोठा अन्याय केला तिने, आणि आता माफी मागायची तरी कुणाजवळ? तिने भाकरीचा एक तुकडा कालवणात भिजवला आणि ताटाच्या कडेला ठेवला, तो ठेवायचा तसा.

ताटाचा आवाज ऐकून ते म्हातारं कुत्रं सवयीने दारात येऊन उभं राहिलं.

"हाड!" द्रौपदाने ताट पोटाशी ओढलं. "ह्यो घास माजा हाय."