साल्वे आणि साळवे

मच्छिंद्रकाका पाटोळे आमच्या मिशनच्या देवळात घंटा वाजवतात, मेणबत्त्या लावतात. पस्तीस वर्षं मिस्सेत, म्हणजे देवळातल्या उपासनेत, फादर लॅटिनमध्ये बोलायचे आणि काका लॅटिनमध्येच उत्तर द्यायचे. आता मिस्सा मराठीत आली. उत्तरं सगळा गाव देतो, काका नुसते उभे असतात.

नवे फादर एकदा सहज म्हणाले, "काका, तुमचं ते पाठांतर. भाषा येणं वेगळं." ते काकांना लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आम्हा नववीच्या पोरांना धरलं. जुन्या जर्मन फादरांनी दिलेलं एक फाटकं पुस्तक काखेत असायचं.

"तुमच्या इंग्रजीत भेटल्यावर काय म्हनत्यात?"

"हॅलो."

"मग साल्वे. फुडं?"

"हाऊ आर यू?"

"क्वोमोदो वालेस." हे म्हणताना ते गुळणी केल्यासारखी मान वर करत. 'गुड लक'ला तीन दिवस लागले, पण 'बोना फोर्तुना' निघालंच.

घरी झुंबरबाई वैतागल्या होत्या. "सकाळी उठल्याबरूबर मला साल्वे म्हनत्यात. म्हनलं, माहेरची साळवे हुते मी, आता पाटोळे हाय. इसारले का?"

पुढच्या रविवारी पुण्याहून एक म्हातारे परदेशी फादर यायचे होते. त्यांनी जन्मभर लॅटिन शिकवलेलं. काका आम्हाला म्हणाले, "त्यांनी मला लॅटिनमधी उत्तर दिलं तर ती भाषा. न्हाईतर पाठांतर. मग हे पुस्तक पेटीत."

जीप थांबली. काका पुढे झाले. "साल्वे, पातेर." पातेर म्हणजे फादर.

पाहुण्यांना सकाळपासून वाटेतल्या गावांत डझनभर साळवे भेटले होते, आणि ळ काही त्यांच्या जिभेवर बसत नव्हता. त्यांनी हात जोडले. "नमस्कार, साल्वे. घरी सगळे बरे?"

आम्ही पोरं हसून वाकलो. नवे फादर हळूच म्हणाले, "हे साळवे नाहीत, पाटोळे."

काकांचे कान लाल झाले. पाहुणे देवळाच्या पायरीशी पोचले, तेव्हा काका मागून म्हणाले, "क्वोमोदो वालेस?" या वेळी मान वर गेली नाही. बाजारात ओळखीच्या माणसाला विचारावं तसं विचारलं.

पाहुणे वळले. चष्मा काढला. "बेने, ग्रात्सियास. एत तू?" म्हणजे, बरा आहे, आणि तू?

पस्तीस वर्षांत काकांना लॅटिनमध्ये उलट कुणी काही विचारलं नव्हतं. पुस्तकातलं सगळं पळालं.

"मी बी बेने हाय, फादर."

पाहुणे हसले. काकांचा हात धरूनच आत गेले. त्यांची बॅग नव्या फादरांनी उचलली.

संध्याकाळी झुंबरबाईंनी विचारलं, "काय म्हनले पुन्याचे फादर?"

"कसा हाय, म्हनून इचारलं मला."

"कोन्त्या भाषेत?"

"भाषेतच की," काका म्हणाले, आणि पुस्तक पुन्हा काखेत मारून घंटा वाजवायला गेले.