गळवासाठी आणलेलं जवस

माझ्या केसांना पहिल्यांदा भाव लागला तो शून्य. चिंचवडात आमच्या गल्लीत सुया आणि दाभण विकणारी एक बाई यायची. ती पैसे मागायची नाही, गुंतवळ मागायची. फणीतून निघालेले केस बायका बोटाभोवती गुंडाळून भिंतीच्या फटीत खोचून ठेवत, आणि ती ते हातावर तोलून त्याच्या बदल्यात सुया देई. पुढं त्याची अंबाड्यात भर घालायची गंगावनं होत. मी माझा गुंतवळ मोठ्या तोऱ्यात पुढं केला. तिनं तो दोन बोटांत धरला, उजेडाकडं केला आणि परत माझ्या हातात ठेवला.

"हे बकरीचं हाय का माणसाचं?"

"माणसाचं. माझंच आहे."

"मग बकरीचं आण. त्याला गिऱ्हाईक हाय."

मी तेव्हा आठवीत होते, पण अपमान कसा वसूल करायचा ते मला तेव्हाही कळत होतं. गल्लीतल्या बायकांना म्हटलं, तुम्ही कशाला तिच्याशी डोकं लावता, तुमचा गुंतवळ माझ्याकडं द्या, सौदा मी करते, मिळालेल्या सुयांतल्या थोड्या माझ्या. पुढच्या खेपेला मी तिला चांगले चेंडूएवढे गोळे दिले. वरून शेजारणींचे सरळ, काळेभोर केस आणि आत माझे. तिनं गुपचूप घेतले. तिला कळलं असेल तर तिनंही ते पुढं तसेच खपवले असतील. धंदा असाच चालतो.

आईचा गुंतवळ मात्र मला कधी मिळाला नाही. ती तो चुलीत टाकायची. विचारलं तर म्हणायची, "बाहेर पडला तर कुणी करणी करील." आमच्यावर करणी करण्याइतकं आमच्याकडं काय होतं, कोण जाणे.

आम्ही साताऱ्याकडचे. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहिला, वडील तिथं कामाला लागले आणि आम्ही चिंचवडात दोन खोल्या घेऊन राहिलो. कारखान्याला सुट्टी रविवारी असे, माझ्या डोक्याला मात्र रविवारी मुळीच सुट्टी नसे. आई मला दोन गुडघ्यांच्या चापात धरायची, टाळूवर एरंडेल ओतायची आणि कोरड्या गाठींतून लाकडी फणी ओढायची. मी ओरडायचे. ती त्याहून मोठ्यानं ओरडायची.

"आमच्या माहेरी कुणाचे असे नाहीत. हे सगळं तुझ्या बापाकडचं."

"आमच्याकडं सगळ्यांचे सरळ आहेत," वडील वर्तमानपत्रामागून म्हणायचे.

"तुमचे दाखवा की मग."

वडिलांना साफ टक्कल होतं. ते टोपी चढवून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. दर रविवारी हा खटला असाच निघायचा आणि दर रविवारी ते पुराव्याअभावी हरायचे. माझा स्वभाव तापट आहे, त्याचं कारणही हे केसच, असं घरात धरलेलं होतं. खरं कारण ती फणी होती. कुणाचंही डोकं दर आठवड्याला असं ओढून पाहा.

शाळेत दर वर्षी पुण्याहून फोटोग्राफर यायचा आणि मोठ्या वर्गातल्या मुलींचा एकत्र फोटो काढायचा. दहावीच्या वर्षी मी दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहिले, तर बाईंनी दंडाला धरून बाहेर काढलं. "तुझ्या केसांनी मागच्या दोघी झाकल्या जातील. शेवटी जा." मी बुटकी. शेवटच्या रांगेत गेले ती गेलेच. त्या फोटोत माझा एक कान आहे. तो माझाच, कारण त्यातली बुगडी मी ओळखते. पुढचं वर्ष अकरावीचं, तेव्हाच्या मॅट्रिकचं, म्हणजे शाळेतलं शेवटचं. त्या वर्षी पुढच्या रांगेत बसायचं, आणि केस कुणापुढं मान खाली घालणार नाहीत असे घेऊन बसायचं, हे मी त्या कानाकडं बघत ठरवलं.

कसं, ते माहीत नव्हतं. ते वडिलांच्या गळवानं शिकवलं. रोज सायकलवर बसून त्यांना गळू झालं, आणि ते अशा जागी झालं की सायकल आणि खुर्ची दोन्ही बंद. ते पालथे पडून राहिले. आईनं मला गळवावर बांधायला जवसाचं पोटीस करायला सांगितलं. जवस आधी कुटायचं असतं. मी रागात होते, न कुटता तसंच पाण्यात टाकून चुलीवर ठेवलं. थोड्या वेळानं बघते तर अंड्याच्या पांढऱ्यासारखा बुळबुळीत रस. फडक्यातून गाळताना हात लडबडले, आणि नुकतीच न्हालेली असल्यामुळं ओली बट सारखी डोळ्यांवर येत होती. ती मी त्याच हातानं मागं सारली. दुपारी आरशात पाहिलं तर सगळ्या डोक्यावर नेहमीचा काथ्या आणि कपाळावर मात्र एकच बट, अंगठीसारखी गोल, चकचकीत, जागच्या जागी.

त्या दिवसापासून वडिलांच्या गळवाला आणि माझ्या केसांना एकाच पातेल्यातून रसद जाऊ लागली. मी शिकत गेले. कोरड्या केसांना फणी लावायची नाही, ओले असताना बोटांनीच सोडवायचे. खरखरीत पंच्यानं चोळायचे नाहीत, वडिलांच्या जुन्या मऊ धोतरात नुसते दाबून घ्यायचे. मग जवसाचं पाणी लावायचं आणि वाळेपर्यंत हात मागं बांधून बसायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

राहिला चेहरा. पिंपरीच्या कॅम्पात फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची वस्ती होती. तिथं एक मावशी बराकीतल्या आपल्या खोलीतच पावडर, तोंडाला लावायचा स्नो, रिबिनी विकायची. ती दिवसभर भरतकाम करायची, म्हणजे तिला सुया लागणार आणि माझ्याकडं गुंतवळाच्या सुया साठलेल्या, हा हिशेब मी आधीच केला होता.

"एवढ्या सुयांना अर्धी डबी पावडर," ती म्हणाली.

"भरून डबी. आणि वर काजळ."

"काजळ घरी कर, बेटी. दिव्यावर फुकट होता है."

"मग स्नो द्या."

"तू कुणाची मुलगी आहेस गं? तुझा बाप वकील आहे का?"

"तो पालथा पडलाय," मी म्हटलं. तिनं पावडर दिली आणि कागदावर बोटभर स्नो काढून दिला.

मी तिथंच तिच्या आरशापुढं बसून पावडर लावली. मावशी सुई हातात धरून बघत राहिली आणि मग इतकी हसली की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं. "बेटी, पावडर म्हणजे मीठ. तू पीठ समजली." तिनं ओढणीनं माझं तोंड पुसलं आणि नीट शिकवलं. स्नो डाळीएवढा, ओल्या बोटांनी. पावडर हातावर झटकून, मग गालाला, मग परत पुसायची. पुसल्यावर जी उरते ती आपली. काजळाची बारीक रेघ. ओठांना तूप, बस. "और बाल को हाथ मत लगा. अच्छे आहेत." माझ्या केसांना चांगलं म्हणणारं पहिलं माणूस सिंधमधून यावं लागलं.

फोटोच्या दिवशी पहाटे घरात होतं नव्हतं ते सगळं जवस मी उकळलं, केसांना लावलं, आणि ऐनवेळी लागलं तर असावं म्हणून उरलेलं तांब्यात घेऊन शाळेत गेले. बाईंनी मला पाहिलं.

"हे काय? वेण्या कुठंयत?"

"बाई, वेण्या घालून मागच्या वर्षी दोघी झाकल्या जात होत्या. आपणच म्हणाला होतात. म्हणून मी पुढं सतरंजीवर बसते. माझ्या मागं उंच मुलगी बसवा, कुणीच झाकलं जाणार नाही."

"निदान दोन रिबिनी बांध."

"एक."

"शाळेचा नियम दोन वेण्या, दोन रिबिनी असा आहे."

"वेणी एकही नाही, बाई, तरी मी एक रिबीन द्यायला तयार आहे. रुंद बांधते."

बाईंना मागं चाळीस मुली उन्हात उभ्या दिसत होत्या. घाई ज्याला असते तो सौद्यात हरतो. मी पुढं बसले, मधोमध.

फोटोग्राफर काळ्या कापडात शिरला. "आता कुणी हलायचं नाही. हललात तर भूत निघेल." त्यानं भिंगावरचं टोपण काढलं, आणि त्याच क्षणी फाटकातून आईचा आवाज आला.

"अगं ए, बाप तिकडं तळमळतोय आणि जवस कुठं घालवलंस?"

मी वळले. टोपण बसलं.

"परत काढा," मी फोटोग्राफरला म्हटलं.

"प्लेट एकच होती. मी सांगितलं होतं, हलू नका."

"माझी आई आली."

"तुमच्या आईला सांगितलेलं नव्हतं," तो म्हणाला आणि कॅमेऱ्याचं तिकाटणं मिटू लागला. या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही. एवढ्या लांब पुण्याहून यायचं आणि प्लेट एक आणायची. फोटो आला तेव्हा सगळ्या मुली स्वच्छ होत्या आणि मधोमध एक काळा ढग, त्यावर रुंद रिबीन, खाली मांडीवर नीट ठेवलेले दोन हात. पुढं मी बाजारात बांगड्या-पावडरीचं दुकान काढलं, तिथं तो फोटो लावला होता. कुरळ्या केसांची रडवेली पोर आली की मी ढगाकडं बोट दाखवून सांगायचे, हे नुसतं अर्धं दिसतंय.

आई त्या दिवशी मला मारील असं वाटलं होतं. तिनं तांब्या घेतला आणि माझ्या डोक्याकडं बघत उभी राहिली. घरी जाताना वाटेत एकदाच बोलली. "वाळल्यावर चिकटतं का गं ते?"

गळू फुटलं, वडील परत कामावर जाऊ लागले. पुढच्या रविवारी त्यांना जादा पाळी होती. मी नदीवरून धुणं घेऊन आले तर दार आतून लावलेलं. बऱ्याच वेळानं कडी निघाली. ती काढून आई परत जमिनीवर बसली होती, पुढ्यात जवसाचं पातेलं, आणि तिचे केस मोकळे होते. मी ते तसे कधी पाहिले नव्हते, वडिलांनीही नसावेत. न्हाली की ओल्यातच पिळून, तेल चोपडून घट्ट अंबाडा आणि वर पदर, असंच तिचं सासरी आल्यापासून चाललं होतं. आता ते कमरेपर्यंत उतरले होते, बटाच बटा, माझ्याहून मोठ्या.

"आत ये आणि दार लाव," ती म्हणाली.

"हे कुणाकडचं?"

तिनं पातेलं जवळ ओढलं. "तुझ्या आजीचे असेच होते. माझ्या आईचे."

"आणि बाबांना दर रविवारी—"

"त्यांना सांगायचं नाही. इतकी वर्षं मीच त्यांना बोलले, आता कुठल्या तोंडानं."

मी धुण्याची बादली खाली ठेवली. "मग एरंडेल बंद."

"बरं."

"फणी बंद."

"सणावाराला तरी—"

"सणावारालाही."

"बरं बाई," आई म्हणाली. "आता जरा मागचं लावून दे. हात पोचत नाही."

सौदा मी मोडला नाही, तिनंही नाही. अंबाडा पुन्हा बांधला गेला, वडील दुपारपाळीला असले की तेवढा सुटायचा. बऱ्याच वर्षांनी मला मुलगी झाली, तिच्याही डोक्यावर जन्मतः वळसे. वडिलांनी तिला मांडीवर घेतलं, बराच वेळ न्याहाळलं, मग स्वतःच्या टकलावरून हात फिरवला.

"माझ्याकडचंच गं हे, पोरी," ते तिला म्हणाले. "रागावू नकोस आजोबावर."

आईनं पदर कपाळावर ओढला. मी तव्यावरची पोळी उलटली.