ताईच्या डोळ्याचे कागद

वनिताचा फोन आला तेव्हा मी उरणच्या मासळी बाजारात करंदीचा वाटा घेत होते. वनिता मूळची करावे गावातली, ताईची शेजारीण. सीवूड्सच्या त्या इमारतीत दोघींची दारं समोरासमोर. "ताई गेल्या," ती म्हणाली, "दुधाची पिशवी बाहेरच होती, म्हणून दार वाजवलं." हार्ट अटॅक. वय बावन्न. तिचा डोळा सरळ होऊन दोन महिनेही झाले नव्हते... आणि त्यातले शेवटचे अकरा दिवस ती माझ्याशी बोलली नव्हती. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. घरात तिच्याबद्दल सगळे चांगलंच बोलतात. मला मात्र दुसरंच लिहायचं आहे.

ताई म्हणजे सुनंदा, माझी मोठी बहीण. लहानपणी तिचा डावा डोळा नाकाकडे वळलेला होता. सहाव्या वर्षी ऑपरेशन झालं, नवव्या वर्षी दुसरं, आणि त्यानंतर काही वर्षांत तोच डोळा उलटा, कानाकडे जायला लागला. पुढे ती नेरूळच्या एका शाळेत शिक्षिका झाली. "तू ऊठ" म्हणाली की दोन मुलं उठायची आणि मागचे बाक हसायचे. घरी येऊन ती हे सांगायची, तेव्हा आम्हीही हसायचो. तिला स्थळं बघायला लागल्यावर आईनं ठरवलं की पोरगी झोपाळ्यावरून पडली आणि डोळा असा झाला, असंच सगळ्यांना सांगायचं. जन्मापासूनचं आहे हे कळलं तर लोक घराण्यात खोट काढतील, धाकटीचंही अडेल. धाकटी म्हणजे मी. दोन्ही ऑपरेशनचे कागद ताईच्या नकळत नाहीसे करायला आईनं माझ्या हातात दिले. गणपतीनंतरचे दिवस होते. निर्माल्याच्या पिशवीत मी ते खाली घातले, वर फुलं टाकली आणि सारसोळ्याच्या खाडीत सोडून आले. दोन वर्षांनी माझं लग्न पहिल्याच स्थळाशी जमलं. ताईचं कधीच झालं नाही.

पुढची तीस वर्षं ती ते कागद शोधत होती. ज्या ज्या डॉक्टरकडे गेली, त्यांनी पहिल्यांदा तेच मागितले. कुठला स्नायू हलवला, किती मागे नेऊन शिवला, हे माहीत नसताना पुन्हा डोळा उघडायचा म्हणजे जुन्या व्रणांत चाचपडत बसायचं. राहू द्या, आता या वयात काय करायचंय, असं म्हणून परत पाठवायचे. दर दिवाळीला ती माळा उपसायची. स्टूल मी धरायचे. आई वारली तेव्हा तरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

मग गेल्या वर्षी वाशीच्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की कागद नसले तरी चालेल, डोळ्याचं स्कॅन करून बघू. मी सोबत होते. डोळ्याला हात न लावता मशीन फोटो घेत होतं. ताईला डावीकडे, अगदी लांब बघायला सांगितलं, म्हणजे नाकाजवळचा स्नायू समोर येतो. डॉक्टरांनी पडद्यावरच्या एका फिकट पट्टीवर बोट ठेवलं, बुबुळाच्या कडेपासून अंतर मोजलं आणि म्हणाल्या, "हा बघा. मागे सरकलाय, पण हरवलेला नाही." ताई तिथेच रडायला लागली. मी तिची पाठ थोपटत राहिले.

ऑपरेशन नीट झालं. सुट्टीनंतर शाळेत गेली त्या दिवशी तिनं मला फोन केला, "आज एकच मुलगा उठला गं." दुसऱ्या रविवारी मी तिच्याकडे गेले. ती इतकी खुशीत होती की मला वाटलं, आता सांगितलं तर काय बिघडणार? मला मोकळं व्हायचं होतं, एवढंच. चहा पिता पिता सगळं सांगून टाकलं. तिनं कप खाली ठेवला.

"कितवीत होतीस तेव्हा?"

"बारावीत."

"म्हणजे कळत होतं तुला."

आजवर ताईसमोर बसलं की तिची नजर कुठे आहे ते समजायचं नाही, आणि मला ते सोयीचंच होतं. त्या दिवशी तिचे दोन्ही डोळे माझ्यावर होते. "आता जा," ती म्हणाली, "आणि परत येऊ नकोस." मी नंतर फोन केले, तिनं उचलले नाहीत. राग जाईल, असं धरून चालले होते...

तेरावं झाल्यावर घर आवरलं. साड्या मिळाल्या, वह्या मिळाल्या, स्कॅनचा फोटो आणि ऑपरेशनची फाइल कुठेच नव्हती. शेवटी समोरचं दार वाजवलं. फाइल वनिताकडेच होती, तिच्या कपाटात. निदान तो फोटो तरी दे, म्हटलं. ती उंबऱ्यावरून हलली नाही.

"ताई बोलल्यात," ती म्हणाली, "घरातल्या कोनाला द्यायची नाय."