गाडीवरून आलेलं रक्त

प्रयोगशाळेत तिला सगळे पेशीबाई म्हणत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी सोडून ही बाई दुसरं काही बोलेल तर शपथ. या पेशी जंतू दिसला की स्वतःच्या पोटातलं धाग्यांचं जाळं त्याच्यावर फेकतात आणि बहुतेकदा त्यातच मरतात. सांधे सुजायच्या आजारात मात्र जंतू नसतानाच त्या जाळी फेकत सुटतात, हा पेशीबाईचा सहा वर्षांच्या कामाचा निष्कर्ष. ती जाळी थांबवणारं औषधही तयार झालं होतं, आणि सोमवारपासून ते रुग्णांना देऊन बघायचं होतं.

सकाळी अकरा वाजता वहिनीचा फोन आला. वहिनीची बोटं इतकी सुजलेली असत की स्वतःच्या कपड्यांची बटणं लावायला तिला दादाला हाक मारावी लागे.

"अगं, नव्या औषधाच्या यादीत पहिलं नाव माझंच. जुनी गोळी आजपासून बंद करायला सांगितलीय. संध्याकाळी सातची घेणारच नाही आता."

आवाजात केवढा आनंद! पेशीबाईनं महिनाभर मनाच्या कोपऱ्यात दाबून ठेवलेली एक गोष्ट मात्र उसळून वर आली.

झालं होतं असं. रुग्णांचं रक्त दवाखान्यातून यायचं, गाडीवाल्याच्या स्कूटरवर, मागे बांधलेल्या पेटीतून. रस्ता असा की बसणाऱ्याची हाडं खिळखिळी व्हावीत. तुलनेसाठी लागणारं निरोगी माणसांचं रक्त मात्र शेजारच्या खोलीत काढलं जाई आणि दहा पावलं चालत टेबलावर येई. गेल्या महिन्यात गाडीवाल्याची कंबर धरली, तेव्हा तीन रुग्णांचं रक्त पेशीबाईनं स्वतः हातात जपून, पायी आणलं. त्या तिघांच्याही पेशी गप्प बसल्या होत्या. जाळी जवळजवळ नाहीतच. तिनं वहीत 'नमुना खराब' असं लिहिलं आणि पान उलटलं. मोकळी झाली बाई!

आता हातात आठ तास होते. तिनं आपलं रक्त काढून घेतलं, दोन नळ्या. गाडीवाल्यालाही खुर्चीत बसवलं.

"बाई, मी धडधाकट माणूस. माझ्या रक्तात काय शोधताय?"

"तेच शोधतेय. गप बसा."

प्रत्येकाची एक नळी टेबलावर राहिली. दुसरी पेटीत घालून गाडीवाला दवाखान्यापर्यंत जाऊन परत आला, रोजच्याच रस्त्यानं, रोजच्याच वेगानं. आपलेच डोळे आपल्याला फसवतात हे तिला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तिनं प्रयोगशाळेच्या कारकुनाला चारही नळ्यांवरची नावं झाकून नुसते आकडे चिकटवायला लावले. कोणता आकडा कोणाचा, तो कागद त्याच्या खिशात.

दुपारभर तिनं पाण्याचा घोट घेतला नाही. पेशी वेगळ्या करा, काचेवर घ्या, थांबा, रंग द्या, पुन्हा थांबा. साडेपाचला ती सूक्ष्मदर्शकावर वाकली. पहिली काच, शंभर पेशींत चार जाळी. दुसरी, अडतीस. तिसरी, एकेचाळीस. चौथी, पाच. कारकुनानं कागद उलगडला. दोन आणि तीन, दोन्ही गाडीवरून आलेल्या.

म्हणजे सहा वर्षं तिनं आजार मोजलाच नव्हता. खड्डे मोजले होते. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की क्षणभर तो कागद चुरगळून टाकावा असं मनात आलं. कारकुनाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणजे विचारणारंही कोणी नव्हतं.

ती प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे, सरांकडे गेली. सरांनी आकडे दोनदा वाचले.

"एका दिवसाच्या मोजणीवर सगळं थांबवायचं? सहा वर्षांवर पाणी सोडायचं?"

"मागचे तीन नमुनेही आहेत, सर. मी खराब म्हणून बाजूला टाकलेले. सोमवार थांबवायला एवढं पुरे आहे."

सरांनी दवाखान्यात फोन लावला आणि तिच्यासमोरच यादी थांबवायला सांगितलं. यादीतल्या प्रत्येकाला आजच्या आज कळवतो, असं पलीकडून उत्तर आलं.

सातला दहा कमी असताना तिनं वहिनीला फोन केला.

"वहिनी, सातची गोळी घ्या. चुकवू नका. नवीन औषध नाही मिळणार. माझंच चुकलं होतं."

तिनं सगळं सांगितलं. रस्ता, पेटी, चार काचा. पायी आणलेले ते तीन नमुनेही सांगितले, लपवलं नाही. पलीकडून पाणी ओतल्याचा आवाज आला, मग गोळी गिळल्याचा.

"घेतली," वहिनी म्हणाली. मग तिनं विचारलं, "ते तीन नमुने महिन्यापूर्वीचे ना?"

"हो."

"मग आजच का तपासलंस? यादीत माझं नाव नसतं, तर तपासलं असतंस?"

हो म्हणायला पेशीबाईनं तोंड उघडलं, पण तिच्यानं म्हणवलं नाही.