सातबाऱ्यावर माझं एकट्याचं नाव

दादाला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, तेव्हा मार्गासनीत घरोघर पेढे वाटायला वडिलांनी मलाच पाठवलं. मी हसत गेलो. उरलेले दोन पेढे बांधावर बसून एकट्यानं खाल्ले आणि घरी सांगितलं, संपले. माझा मत्सर निदान तेव्हापासूनचा आहे.

मी गावातच राहिलो. भाताची लावणी, मोजणी, बांधाची भांडणं, वडिलांची दुखणी, सगळं मी पाहिलं. पण पाहुणा आला की वडील थोरल्याचंच सांगत बसायचे. तो दोन-तीन वर्षांनी यायचा आणि त्याच्यासाठी अंगणात सकाळपासून खुर्ची मांडलेली असायची.

वडील गेले, दादा आला आणि वारसनोंदीचा विषय निघाला. पहिलं नाव थोरल्याचं लागणार हे सगळे धरूनच चालले होते. दादाला शिवाय शेजारचा रस्त्याकडेचा तुकडा विकत घ्यायचा होता. निवृत्तीनंतर इथं घर बांधून राहायचं म्हणत होता. त्याच्या वतीनं मी भोरच्या वकिलांना विचारायला गेलो.

"परदेशी नागरिकाला शेतजमीन विकत घेता येत नाही," ते म्हणाले. "पण वडिलांची जमीन वारसानं येते. तिच्यावर त्यांचं नाव लागेल, काही अडचण नाही."

घरी येऊन मी दादाला सांगितलं, "विकत तर घेता येणारच नाही. पण परदेशी नागरिकाचं नाव वडिलांच्या जमिनीवरसुद्धा लागत नाही म्हणाले."

तो ओट्याच्या कडेला बसला. "पासपोर्ट बदलला तेव्हा हे डोक्यातही आलं नाही रे." मग म्हणाला, "तुझ्या नावावर होऊ दे सगळी. कष्ट तूच केलेस. पुढं कुणी प्रश्न काढू नये म्हणून हक्कसोडही करून देतो."

मी नको म्हणालो नाही. वकिलांना टाळून दुसऱ्याकडून कागद करून घेतला. रजिस्ट्रारच्या कचेरीत दादानं सही केली, अंगठा दिला, फोटोसाठी शर्टाची कॉलर नीट केली. आठवड्यानं तो परत गेला.

सातबाऱ्यावर मी एकटा आलो की मला बरं वाटेल, असं वाटलं होतं. पण विंझरच्या चहाच्या टपरीवर चुलते चारचौघांत म्हणाले, "काय सातबारा मिरवतोस? थोरल्यानं सोडली म्हणून हाय तुज्याकडं. न्हाईतर आर्धी त्याचीच व्हती. लई मोठ्या मनाचा गडी."

"व्हय, आन् ह्यो बसल्या जागी मालक," दुसरा म्हणाला. सगळे हसले.

मी फसवून घेतलेली जमीन गावानं दादाचं दान म्हणून मोजली. मला त्याचा पुन्हा हेवा वाटला, आणि त्या हेव्याची पहिल्यांदाच किळस आली. मी परत त्याच वकिलांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. दादाचा वाटा त्याला बक्षीसपत्रानं परत द्यायचा होता.

ते चष्मा पुसत राहिले. "वारसानं आली असती. आता तुमची झाली, आणि तुमच्याकडून परदेशी नागरिकाला शेतजमीन बक्षीस देता येत नाही. त्यांनी दावा लावायचा, फसवून सही घेतली म्हणून, आणि तुम्ही कोर्टात कबूल व्हायचं. एवढीच एक वाट दिसते."

त्याच संध्याकाळी मी दादाला फोन केला. तिकडे सकाळ होती. न थांबता सगळं सांगितलं. "माझ्यावर दावा लाव, दादा. मी कबूल होईन," असं म्हणालो.

दादा म्हणाला, "आयुष्यात एकदा तरी तुला काही दिलं, असं मी इथं सगळ्यांना सांगत होतो."

"दावा लाव," मी पुन्हा म्हणालो.

"वकिलाचा नंबर पाठव," तो म्हणाला आणि फोन ठेवला. मी लगेच पाठवला.